पंख्याचा दात

३ नोव्हेंबर, रविवार

खडा! एवढासा खडा. हरभऱ्याएवढाही नसेल. आणि त्याने माझ्या विमानाच्या पंख्याला चावा घेतला.

चूक कोणाची? माझी नाही. उडायच्या आधी इंजिन जोरात चालवून बघायचं असतं, त्यासाठी सिमेंटचा चौथरा आहे. त्यावर इथे उडायला शिकवणाऱ्या कॅप्टनचा एक नवशिका विमान घेऊन ठाण मांडून बसला होता. हातातला कागद बघतोय, काचेतून आभाळ बघतोय, परत कागद बघतोय. एवढ्या वेळात लोकांची लग्नं जमतात! मी किती थांबायचं? शेजारच्या मोकळ्या जागेत विमान उभं केलं आणि इंजिन वाढवलं. तिथे खडी सुटलेली. ती झाडायचं काम राखणदाराचं. राखणदार सावलीत बसून रेडिओ ऐकणार आणि खापर आमच्या डोक्यावर फुटणार. फिरता पंखा खडे वर खेचून घेतो हे मला ठाऊक आहे, कोणी शिकवायला नको. पण मुळात खडे असतातच का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

टक् असा आवाज झाला. बंद करून उतरलो. दोन पात्यांपैकी एकाच्या पुढच्या कडेला खाच पडलेली. टोकापासून वीतभर अलीकडे. नखाचं टोक अडकेल एवढी. दाढी करताना माणसाला याहून मोठं लागतं!

विमान लोटत हँगरमध्ये नेलं. कॅप्टनने लांबून हात हलवला, मीही हलवला. कोणाला काही कळलं नाही.

मेहुण्याला सांगितलं नाही. विमान दोघांचं आहे, अर्धं माझं आणि अर्धं बायकोच्या या थोरल्या भावाचं. तेव्हा सांगायला हवं, कबूल. पण त्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं आणि विमानाला कुलूप लावणं. हा माणूस टायरमध्ये हवा भरतानाही पुस्तक उघडून पान शोधतो.

४ नोव्हेंबर, सोमवार

इंजिनिअरला फोन केला. विमानांना हात लावायचं लायसन असलेला आसपासच्या चार धावपट्ट्यांत हा एकच, त्यामुळे साहेबांचा रुबाब काय विचारता! हँगरमध्येसुद्धा गॉगल काढत नाही. सांगितलं, माझ्या एका मित्राच्या पंख्याला बारीकशी खाच पडलीये. ताकाला जाऊन भांडं लपवलं खरं. पण माझे पेशंटही ‘शेजाऱ्याच्या दाढेत ठणका आहे’ म्हणून विचारतातच की.

त्याने प्रवचनच लावलं. पातं फिरताना बाहेरच्या बाजूला प्रचंड ओढलं जातं. खाच असेल तिथे तो ताण गोळा होतो, तिथून तडा निघतो, तडा वाढतो, एक दिवस टोक तुटून उडतं. मग पंखा एकीकडे जड, इंजिन असं हादरतं की बुडातून सुटतं. उपाय मात्र सोपा. कानशीने घासून त्या खाचेची उथळ, गुळगुळीत दरी करायची, रंग लावून तडा नाही ना बघायचं, झालं. पण ते त्यानेच करायचं. आणि तो मोकळा होणार पुढच्या मंगळवारी. ‘तोपर्यंत मित्राला म्हणावं, उडवू नका आणि हातही लावू नका.’

दुकान चालवायचं तर गिऱ्हाईक घाबरवायला लागतं. मला काय सांगतो? मीही तेच करतो.

दवाखान्यात आज एक बाई आल्या. दोन गल्ल्या सोडून जो महाभाग बसतो त्याने त्यांची दाढ भरलेली. कीड तशीच आत ठेवून वरून मसाला थापलाय! वर चकचकीत, आत सगळं पोखरलेलं. असल्यांना कोणी डॉक्टर केलं? बाईंना म्हटलं, त्याने दात भरला नाही, झाकला. बाईंना माझं बोलणं आवडलं. दोनदा म्हणून दाखवलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पुढच्या मंगळवारी म्हणजे हा रविवार गेला. हा रविवार जाऊन चालणार नाही!

६ नोव्हेंबर, बुधवार

रविवारी आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे. कॉलेजच्या गावाला. मैदानाला लागूनच धावपट्टी आहे, जेवणाची टेबलं मांडणार तिथून सगळ्यांना दिसेल अशी. मी ग्रुपवर महिन्यापूर्वीच टाकून बसलोय — मी विमानाने येतोय. सगळ्यांनी अंगठे दाखवले. फक्त सोनेरीने लिहिलं, ‘खेळण्यातलं का?’

हा सोनेरी म्हणजे परीक्षेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या पेपरात डोकावणारा प्राणी. आज त्याचे दवाखाने मोजायला बोटं पुरत नाहीत. चौकाचौकांत त्याचं तोंड टांगलेलं आहे, बत्तिशी दाखवत. त्या बत्तिशीतले पुढचे सहा त्याचे स्वतःचे नाहीत. ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. आणि मी त्याच्यासमोर बसमधून उतरायचं?

बायको म्हणाली, मग नका जाऊ, नाहीतर बसने जा. वर म्हणाली, तिथे कोणाला तुमच्या विमानाचं पडलंय? तिला सगळंच सोपं वाटतं. ती विमानात बसत नाही. म्हणते, उंचावरून पडायचंच तर घरात माळा आहे.

एकट्याने जायचं ठरवलंय. लेकीची परीक्षा जवळ आली आहे, तिला विचारलंही नाही.

अडचण एकच — मेहुणा. दर शुक्रवारी संध्याकाळी हा माणूस येऊन विमान तपासतो. उडायचं असो वा नसो. गाईच्या अंगावरून हात फिरवावा तसा विमानावरून हात फिरवतो. आणि पंख्याची तर पूजाच. पात्याच्या कडेवरून बुडापासून टोकापर्यंत बोट नेतो, डोळे मिटून. चष्मा कपाळावर चढवलेला, कारण जवळचं त्याला चष्म्यातूनही दिसत नाही आणि चष्म्याशिवायही. बोट अडलं की संपलं. किल्ली खिशात घालणार आणि इंजिनिअरची वाट बघत बसणार.

म्हणजे बोट अडता कामा नये. एवढंच ना? आयुष्यभर मी दुसरं काय करत आलोय? भरलेल्या दातावर जीभ अडता कामा नये. हेच!

७ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. आणि असं झालंय की स्वतःची पाठ स्वतः थोपटावी.

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा गेलो. शाळांमध्ये दात तपासायला जाताना नेतो ती पेटी घेतली, तिच्यात बॅटरीवर चालणारं छोटं ड्रिल असतं. हँगरमध्ये कोणी नव्हतं. राखणदाराने विचारलं, काय डॉक्टर, विमानाचे दात बघता काय? आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून गेला.

खाच नुसती होती तशी भरून चालणार नव्हतं. उथळ होती, मसाला धरला नसता. म्हणून आधी नीट कोरली. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद — पहिल्या वर्षी शिकवतात, मसाला आत अडकून बसतो, बाहेर यायला वाट राहत नाही. इंजिनिअर म्हणे घासून घासून आणखी धातू काढायचा आणि मोकळं सोडून द्यायचं! किडक्या दाताला कोणी कानस लावून सोडून देतं का? लोहारकाम नुसतं.

कोरलं, आम्ल लावून खरबरीत केलं, पुसलं, मसाला थराथराने भरला, प्रत्येक थरावर निळा दिवा धरला. मग चकतीने घासून कडेशी एकजीव केलं. डोळे मिटून मीच बोट फिरवलं. कुठे सुरू झालं, कुठे संपलं, कळेना! रंग तेवढा किंचित पिवळट होता, दाताचाच तो. त्यावर पेन्सिल घासली, धातूसारखा करडा झाला.

किती बरं पेशंट! लाळ नाही, जीभ मध्ये येत नाही, ‘डॉक्टर, बास’ असं म्हणून हात वर करत नाही. सगळी तोंडं अशी असती तर मी हसत म्हातारा झालो असतो.

घरातलं अर्धं सामान याच मसाल्यावर उभं आहे. बायकोच्या कपाचा कान, लेकीच्या चष्म्याची दांडी, बाथरूमच्या नळाची मूठ. एकही निघालेलं नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बोट फिरलं. अडलं नाही!

मी मुद्दाम गेलो होतो. बाजूला उभा राहिलो, हाताची घडी घालून. मेहुण्याने चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले, बुडापासून निघाला. माझ्या भरलेल्या जागेवरून त्याचं बोट असं गेलं जसं लोण्यावरून सुरी. टोकाशी पोचून म्हणाला, कडा छान आहेत. मी म्हटलं, तुमच्या बोटांवर माझा पूर्ण विश्वास आहे. खूश झाला बिचारा. बोटांची स्तुती केली की हा माणूस विरघळतो. त्याची बायको, आमच्या वहिनी, गेल्यानंतर हा उडायला शिकला, पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा डोळे धड होते. आता बोटांवर चाललंय सगळं.

म्हणाला, रविवारी तुम्ही नेणार ना? मग उद्या सकाळी मी एक छोटी चक्कर मारतो, इंजिन जरा मोकळं होईल. मी म्हटलं, मारा की.

उंटावरचा शहाणा तो! पुस्तक पाठ, पण समोरचं दिसत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी दवाखान्यात होतो. एक गृहस्थ तोंड वासून खुर्चीत, दाढ अर्धी कोरलेली. मध्येच फोन बघितला. लेकीचा फोटो. कानाला हेडफोन, शेजारी मेहुणा, मागे आमच्या विमानाची सीट. खाली लिहिलं होतं, ‘मामाबरोबर निघाले!! अभ्यास संध्याकाळी, प्रॉमिस.’ पाठवून अर्धा तास होऊन गेलेला.

गृहस्थांच्या तोंडात कापूस कोंबला. काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, आलोच. एप्रन तसाच अंगात. फोन लावत राहिलो. तिचा लागेना, त्याचा लागेना. वर लागत नाहीत हे मला माहीत आहे. तरी लावत राहिलो.

कालपर्यंत माझी खात्री होती. मी बसणार होतो तोवर ते काम पक्कं होतं. लेक बसली हे कळलं आणि गाडीत, पहिल्याच सिग्नलला, मला एकेक दिसायला लागलं. दात तोंडात जागेवर बसून असतो. पातं फिरतं. मसाला दाताला धरतो, धातूला कशावरून धरेल? आणि तळाशी मी जी टोकदार कड कोरली होती — ताण गोळा होतो म्हणाला होता ना इंजिनिअर — ती कड मी माझ्या हाताने, नेटकेपणाने, कोरली होती! शपथेवर लिहितो, इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नाही. सिग्नल लाल असताना मी निघालो. मागच्याने शिव्या घातल्या. बरोबर घातल्या.

हँगर रिकामा. कॅप्टन म्हणाला, बराच वेळ झाला जाऊन, येतीलच. मी खडीवर उभा राहिलो. तो आपला कसल्यातरी नवीन रेडिओबद्दल बोलत होता.

मग आवाज आला. विमान दिसलं, वळलं, उतरलं. सरळ, सावकाश. मेहुणा उतरवतो तसंच.

लेक आधी उतरली. मेहुण्याचा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, वर असताना काचेवर काहीतरी टक् करून आपटलं, म्हणून लगेच परत फिरलो. मग चष्मा कपाळावर, डोळे मिटून, बोट. बोट अडलं. त्याने तिथे परत फिरवलं, परत अडलं. माझा मसाला पूर्ण निघून गेलेला. कणसुद्धा शिल्लक नाही.

“जाताना नव्हती ही,” तो म्हणाला. “मी स्वतः बघितलं होतं. वळताना खडीवर गेलो असणार मी. माझ्याकडून झालं, डॉक्टर. आणि पोरगी होती बरोबर.”

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. माफी मागत होता. माझी!

मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

होतं असं! हेच म्हणालो.

गाडीत लेक गप्प होती. घाबरली असेल. तिला घरी सोडून दवाखान्यात गेलो तर ते गृहस्थ कापसासकट बसलेले. बिचाऱ्याने तोंडही मिटलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

संमेलनाला गेलो नाही. ग्रुपवर लिहिलं, पोट बिघडलंय. सोनेरीने लिहिलं, ‘हवेत का जमिनीवर?’ सगळे हसले. हसू देत.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. सोफा सोडून स्टुलावर बसला, परक्या घरी आल्यासारखा. बहिणीला म्हणाला, मी उडणं सोडतोय. डोळ्यांचा भरवसा आधीच नव्हता, बोटांचा होता, तोही गेला. विमानातला त्याचा अर्धा वाटा मी घ्यावा, असं म्हणाला. डॉक्टरांना इंजिनाची आवड आहे, त्यांच्याकडे नीट राहील, म्हणे.

बायको रडली. त्याला म्हणाली, दादा, तुला दुसरं आहे काय रे? तो म्हणाला, बाग करेन. त्याच्याकडे बाग नाही. बाल्कनी आहे, तीही कपडे वाळत घालण्याएवढी.

मला त्याचा राग आला. खोटं कशाला लिहू, रागच आला. बावळट माणूस! चूक नसताना एवढ्या तत्परतेने अंगावर घ्यायची? जरा तरी संशय घ्यावा माणसाने. कोणाला तरी विचारावं. माझ्याकडे एकदा तरी नीट बघावं. पण नाही, सरळपणाचं एवढं कौतुक की समोर चोर बसलाय आणि हा त्यालाच किल्ली देतोय.

चहा घेतला, उठला. मी दारापर्यंत सोडायला गेलो. दारातही बोललो नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दोन दाढा भरल्या. प्रत्येक वेळी निळा दिवा लावला की पेशंटच्या तोंडात ते पातंच दिसत होतं. माझ्याच दवाखान्यात!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

इंजिनिअर आला. शनिवारी मेहुण्याने त्याला फोन केला होता. मीही गेलो. नाही गेलो तर संशय येईल, म्हणून. चोराच्या मनात चांदणं, ते हेच.

आल्या आल्या गॉगलमधून माझ्याकडे बघत म्हणाला, डॉक्टर, तुमच्या त्या मित्राचं काय झालं? मेहुण्याने विचारलं, कोणता मित्र? मी म्हटलं, आहे एक. मग तो आपलं पुराण सांगत बसला, कोणत्या धावपट्टीवर कोणी काय मूर्खपणा केला. पुराण सांगतच त्याने खाच पुसली, लाल रंग लावला, थोडं थांबला, रंग पुसून काढला, वरून पांढरा फवारा मारला.

पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली. खाचेच्या तळातून निघून पात्यात आडवी गेलेली, केसाएवढी बारीक. आधी वाटलं पुसायचं राहिलंय. मग ती आमच्या डोळ्यांदेखत गडद झाली.

इंजिनिअरने गॉगल काढला. भिंग घेऊन वाकला. बोलणं थांबलं. तो बोलायचा थांबलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग म्हणाला, “दगडाची खाच आत जाऊन रुंद होत नाही. ही कोणीतरी कोरलीये.”

“कोण कोरेल?” मेहुणा म्हणाला. खरंच विचारत होता. त्याच्या डोक्यात अजूनही आलं नव्हतं!

इंजिनिअर माझ्याकडे बघत होता. मी पात्याकडे. म्हटलं, मी.

मग सगळं सांगितलं. खडा, फोन, ड्रिल, मसाला, पेन्सिल. भरभर सांगितलं, कोणी मध्ये बोलू नये म्हणून. लांब राखणदाराचा रेडिओ चालू होता.

मेहुणा विमानाच्या चाकावर बसला. इतकी वर्षं मला ‘अहो डॉक्टर’ म्हणणारा माणूस.

“शुक्रवारी मी हात फिरवला तेव्हा तू इथे उभा होतास,” तो म्हणाला. “बघत होतास.”

“हो.”

“आणि मी पोरीला घेऊन वर गेलो. तुझ्या पोरीला, अरे.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला, आणि पात्याकडे बघत राहिला, दिसत नसताना.

इंजिनिअरने पातं बाद केलं. म्हणाला, रविवारच्या लांब पल्ल्याला हे टिकलं नसतं. माझा टेबलासमोर उतरायचा बेत त्याला मेहुण्याने सांगितला असणार. जाताना मला म्हणाला, आता मित्राला सांगू नका, मला कळलंय. एरवी मी त्याला असं सुनावलं असतं! आज मान खाली घालून ऐकलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

बायकोला काल रात्रीच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, रविवारी दादा इथे बसून रडवेला झाला तेव्हा तुम्ही बिस्किट खात होता ना? खात होतो. नाही म्हणता येईना. तेव्हापासून बोलत नाही. ताट वाढते, भांडं आपटत नाही, आवाज चढवत नाही. काय वाटेल ते बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

मेहुण्याचा निरोप आला. कॅप्टनकरवी. तो उडणं सोडत नाहीये. वाटा देणार नाही. नवीन पातं बसलं की विमानाच्या दोन्ही किल्ल्या कॅप्टनकडे राहतील, आणि माझी घ्यायची तर आधी मेहुण्याला विचारायचं. हे कॅप्टनने मला त्या नवशिक्यासमोर सांगितलं, ज्याला चौथऱ्यावर एवढा वेळ लागत होता. पोरगा खाली बघत होता. लाज माझी आणि अवघडल्यासारखं त्याला झालेलं.

आठवडाभर मी कोणाकोणाला हसलो, वर वाचून बघितलं. राखणदार, नवशिका, इंजिनिअर, मेहुणा, सोनेरी, दोन गल्ल्यांपलीकडचा तो. सगळे मूर्ख, मी एकटा शहाणा. आणि माझ्या शहाणपणाने काय दिवे लावले? बायकोचा भाऊ आणि माझी लेक, दोघांना एकाच वेळी वर पाठवलं.

लेकीला अजून माहीत नाही. शनिवारपासून कमी बोलते. मला वाटतं, मामाने उडणं सोडायचं म्हटलं त्याचं तिला वाईट वाटतंय. आज दोनदा माझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेली. उद्या सांगणार. तिच्या नजरेतून उतरेन, ते दिसतंय. उतरायलाच हवं. एवढं तरी नीट व्हावं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लेकीला सांगितलं.

तिने पुस्तक मिटलं. म्हणाली, “माहितीये बाबा. निघायच्या आधी मामाने पातं पुसायला फडकं माझ्या हातात दिलं होतं. पुसल्यावर पेन्सिल निघाली, खाली तुझा मसाला. मामाला सांगणार होते. मग म्हटलं, तू भरलंयस ना. आणि बसले.”